धारेचं पातळ

नवापूर मागे पडलं आणि बायकोने घड्याळ बघायला सुरुवात केली. साडेपाचच्या आत घरी पोचायचं, असं तिने सकाळीच बजावून ठेवलं होतं. मागे डबा जोडलेला असला की आमची पिकअप चाळिसाच्या वर पळत नाही. पळवलीच तर मागून असे हिसके बसतात की मांडणीवरची भांडी आपोआप खाली उतरतात. साडेतीन महिन्यांत हे तिला पाठ झालं होतं, तरी दर पाच मिनिटांनी "जरा दाबा की" चालूच. मी दाबत नव्हतो. मला कोणी घाई केली की मी मुद्दाम सावकाश होतो. हा माझा जुना दुर्गुण आहे आणि आता तो जाईल असं वाटत नाही.

डबा म्हणजे आमचं चाकांवरचं घर. मुलगा परदेशात असतो. त्याने तिकडच्या लोकांच्या अशा गाड्यांचे फोटो पाठवले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. जमीन वाट्याने दिली होती, गुडघे अजून शाबूत होते, आणि उभा जन्म तापीच्या काठी केळीच्या बागेत गेला होता. मी फोटो घेऊन ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्याच बनवलेल्या. त्याने मान डोलावली आणि महिन्याभरात असं काही बनवलं की त्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं होतं. पण बाहेरच्या दोन्ही अंगांना दोर बांधायचे हूकही होते. हे कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाला, असू द्या, मोळ्या बांधायला लागतात. आम्ही त्या हुकांवर टॉवेल वाळत घातले. मुलगा त्याला ट्रेलर म्हणायचा. गावाने पहिल्याच दिवशी डबा म्हणून टाकलं आणि तेच राहिलं.

या डब्याने आम्ही ओंकारेश्वर, उज्जैन, पुढे राजस्थान, मग कच्छ, सोरठ असं फिरलो. प्रवासाचं वर्णन मी करणार नाही. ते ज्याला त्याला हल्ली मोबाईलवर दिसतं. एकच सांगतो, राजस्थानात एका खेड्याबाहेर थांबलो होतो तर लोकांनी फिरता दवाखाना समजून रांग लावली. एका म्हातारीने पायरीवर बसून बायकोसमोर गुडघाच उघडा केला. बायकोने आपल्या पिशवीतलं तेल काढून तो चोळून दिला. रांग मोडायला तासभर लागला.

पण या सगळ्या प्रवासात खरी अडचण होती ती म्हशीची.

म्हैस आमच्याच गोठ्यात जन्मली. तिची आई तिला दोन महिन्यांची सोडून मेली, तेव्हा बायकोने बाटलीने दूध पाजून तिला वाढवली. त्यामुळे ती म्हैस बायकोलाच आई समजते, किंवा बायको तरी तसं समजते. आम्ही गुजर, घरात गुजरी बोलतो. पण बायको म्हशीशी अहिराणीत बोलते. का, तर म्हणे हिची आई बाजारातून आणलेली होती, तिला गुजरी कुठून कळणार. यावर मी काही बोललो नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली की माणूस पुष्कळ ठिकाणी बोलत नाही.

निघण्याच्या दीड महिना आधी म्हैस व्याली आणि आठव्या दिवशी पारडू गेलं. पारडू नसलं की म्हैस पान्हा सोडायला कां-कूं करते. ही तर फक्त बायकोच्या हाताला सोडायची. बायको धारेला बसताना एकच पातळ नेसायची. वांगी रंगाचं, जुनं, काठ उसवलेलं. ते गोठ्यातल्या खुंटीवरच असायचं. त्याला साबण कधी लागला नाही. फार झालं तर नुसत्या पाण्यातून काढायचं. शेणाचा, सरकीच्या ढेपेचा, दुधाचा आणि बायकोचा असा चौघांचा मिळून वास त्याला होता, आणि तो म्हशीच्या ओळखीचा होता.

तेव्हा बायकोची अट अशी, की म्हशीची सोय लागल्याशिवाय ती डब्यात पाय ठेवणार नाही. म्हैस विकायचा विषय मी एकदाच काढला. तिने दोन दिवस मला बिनमिठाची भाजी वाढली.

घराला लागूनच आमचं खळं आहे. तिथे गोठा, आणि गोठ्याशेजारी सालदाराची खोली. सालदार म्हणजे आमच्याकडे वर्षाच्या बोलीने कामाला राहणारा गडी. नवरा-बायको दोघंही सातपुड्यातली, आठ वर्षांपासून आमच्याकडे आहेत. आपसात भिली बोलतात, आमच्याशी अहिराणी. सालदाराची बायको अबोल. आठ वर्षांत तिचं आणि माझ्या बायकोचं कामापलीकडे बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. "पाणी भरं का", "भरं", इतकंच.

म्हशीला नवा हात लावायची आमच्याकडची रीत साधी आहे. जुन्या हाताचं लुगडं नव्या हाताने नेसायचं. सालदारणीने वांगी पातळ आपल्या लुगड्यावरूनच गुंडाळलं आणि बसली. म्हशीने मान वळवली, हुंगलं, आणि अर्धाच पान्हा सोडला. तिला वास बरोबर वाटत होता, आवाज नव्हता. बायको दाराआडून "उभी ऱ्हाय व माय, उभी ऱ्हाय" म्हणाली आणि उरलेला पान्हा सुटला.

आता वास गोठ्यात ठेवून जाता येतो, आवाज कसा ठेवणार? सालदारानेच तोड काढली. त्याच्याकडे साधा पण मोठ्या आवाजाचा फोन होता. तो गोठ्याच्या कोनाड्यात ठेवायचा, स्पीकर लावायचा, आणि बायकोने जिथे असेल तिथून धारेच्या वेळेला बोलायचं. तीन दिवस करून बघितलं. बायको डब्यात बसून बोलली, सालदारणीने पातळ नेसून धार काढली, म्हशीने बादली भरली. आम्ही निघालो. संध्याकाळचं दूध सालदाराच्या घरी राहील असं बायकोनेच ठरवून दिलं.

झालं! पुढचे साडेतीन महिने आमचा प्रवास म्हशीच्या वेळापत्रकाने चालला. सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेपाच. या दोन वेळांना डबा उभा असला पाहिजे आणि मोबाईलला रेंज असली पाहिजे. चांगली जागा दिसली, झाड आहे, पाणी आहे, की बायको फोन वर धरून बघायची आणि मान हलवायची. मग पुढे. कच्छच्या पांढऱ्या रणात हजारभर माणसं मावळता सूर्य बघत होती आणि ही सूर्याकडे पाठ करून डब्याच्या शिडीवर उभी, फोनमध्ये "उभी ऱ्हाय व माय, उभी ऱ्हाय". सुरतेकडची एक बाई जवळून चालली होती, ती खरोखरच जागेवर थांबली. मी त्या बाईची माफी मागितली. राग मला आला होता, नाही असं नाही. मी मुद्दाम वळसा घेऊन रणात आलो होतो तो म्हशीसाठी नव्हे.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बोलणं थांबलं की म्हैस धार आखडती घ्यायची. म्हणजे दहा-बारा मिनिटं सतत बोलत राहणं भाग होतं. नुसतं "उभी ऱ्हाय" किती वेळ म्हणणार? तेव्हा दोघी एकमेकींशी बोलायला लागल्या. आधी ढेप किती घातली, अंगण झाडलं का, इथपर्यंत. मग सालदारणीच्या धाकटीला दात येत होते, तिचा भाऊ ऊसतोडीला बारडोलीकडे गेला होता, तिच्या सासूचे डोळे, आमच्या सुनेचा अबोला. मी बाहेर खुर्ची टाकून बसलेला असायचो आणि मला घरच्या अशा गोष्टी कळायच्या ज्या चाळीस वर्षांत कळल्या नव्हत्या. सुनेचं ते तर मला माहीतही नव्हतं.

बादली भरली की सालदारीण कधी येणार म्हणून दर वेळी एकच विचारायची, "काकी, कव्हय येशात?"

आणि बायको दर वेळी एकच सांगायची, "येसू. आखो आठ-दहा रोज लागतीन." म्हणजे येईन, अजून आठ-दहा दिवस लागतील. हे तिने पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि तीन महिन्यांनीही तेच सांगितलं. खोटं का बोलतेस, असं मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, खोटं नाही, लांबचं सांगितलं तर म्हैस ऐकते ना.

तर आम्ही परतत होतो. नंदुरबारच्या बाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या अजून लालच होत्या. होळी आठ दिवसांवर आली तरी माल वाळत होता. खिडकीची काच खाली होती आणि मला एकामागून एक सात शिंका आल्या. आमच्या भागातल्या माणसाला तिथे शिंक येत नाही. बायको हसली आणि म्हणाली, पाहुणे आले वाटतं. रनाळ्याला तिने चहासाठीही थांबू दिलं नाही. सारंगखेड्याच्या पुलावर तापी दिसली तेव्हा पाच वाजले होते. ती ओढणी सारखी करून बसली. या प्रवासात ती पंजाबी ड्रेस घालायला लागली होती, डब्याच्या पायऱ्या चढता-उतरताना सोपं पडतं म्हणून. मला ते चांगलं दिसायचं, पण मी तसं सांगितलं नव्हतं.

खळ्यात शिरलो तर सगळं लख्ख. अंगण सारवलेलं, गोठा झाडलेला, डब्यासाठी जागा मोकळी करून ठेवलेली. शेजारच्या दोघी-चौघी जमल्या. बायको कोणाशीही न बोलता आधी गोठ्याकडे निघाली, तोच सालदारीण समोर आली. तिच्या हातात प्लास्टिकची नवी पिशवी होती. तिने ती दोन्ही हातांनी पुढे केली.

पिशवीत वांगी पातळ होतं. पावडरीत भिजवून, घासून, आदल्या दिवशी कडक उन्हात वाळवून, घडीवर घडी घालून ठेवलेलं. उसवलेला काठही शिवला होता. घडीत मूठभर हरभरे बांधलेले. दुसऱ्याची वस्तू वापरली तर धुऊन-पुसून परत करायची, आणि रिकामी द्यायची नाही. हे तर आमच्याकडे पोरीसोरींनाही शिकवावं लागत नाही. तिने तीन महिने ते अंगाला लावलं होतं. मालकिणीला तसंच कसं देणार?

बायकोने पिशवी उघडून नाकाला लावली आणि तिचा चेहरा उतरला. साबणाचा फुलांसारखा वास माझ्यापर्यंत आला. सालदारणीच्या ते त्याच क्षणी ध्यानात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. बायकोने मात्र तिच्या खांद्यावर थोपटलं. काही बिघडत नाही, आता मीच आले आहे, पातळ कशाला लागतं, असं काहीतरी ती म्हणाली. तिला ते खरं वाटत होतं.

ती बादली घेऊन बसली. म्हशीने मागे वळून बघितलं, नाक फेंदारलं आणि एका लाथेत बादली भिंतीवर. बायको उठली, ड्रेसवरून ते स्वच्छ पातळ गुंडाळून पुन्हा बसली. "उभी ऱ्हाय व माय" म्हणाली. म्हशीने कोनाड्याकडे बघितलं. आवाज तिकडून यायचा असतो हे तिला माहीत होतं. खाली बसलेली ही साबणाच्या आणि डिझेलच्या वासाची बाई कोण, ते तिला माहीत नव्हतं. सडांना हात लागू दिला नाही. मग सालदारीण तिच्या स्वतःच्या लुगड्यात बसली. तिलाही नाही. दिवेलागण झाली, बायका आपापल्या घरी गेल्या, आणि बादली कोरडीच राहिली. त्या सकाळीही म्हशीने निम्मंच दूध दिलं होतं, हे सालदारणीने तेव्हा सांगितलं. आज घरी पोचतोच आहोत म्हणून बायको त्या सकाळी फोनवर बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. दुपारपर्यंत कास टणक झाली. हात लावला तर म्हैस थरथरायची. दूध असंच साचून राहिलं तर कास सुजून दगडी होते, एखादा सड कायमचा जातो, आणि म्हैस आटते ते वेगळंच. बायकोने कोमट पाण्याचे शेक दिले, गूळ घालून आंबोण ठेवलं. म्हशीने तोंडही लावलं नाही. शेजारचा म्हणाला, इंजेक्शन मारा, दोन मिनिटांत सोडेल. मीही म्हणालो, मारू. मला ती तडफड बघवत नव्हती, आणि खरं सांगायचं तर बायकोचा चेहराही. ती म्हणाली, जिला मी बाटलीने पाजलं तिला सुई टोचून दूध काढू?

मग ती दावणीपाशी जमिनीवर बसली आणि रडली. आवाज न करता, बसल्या बसल्या. मला म्हणाली, तुमच्या हौसेपायी गेले आणि माझ्या घरात मला कोणी ओळखत नाही. मी सांगू शकलो असतो की घर तर ओळखतं, एक म्हैस ओळखत नाही. पण तिच्या लेखी ते दोन वेगळं नव्हतं आणि मला ते त्या वेळी कळलं. मला वाईट वाटलं. मी डब्यातलं सामान उतरवण्याच्या कामाला लागलो, कारण दुसरं काही सुचेना. चादरी आणि उशा काढून खाटेवर ठेवल्या.

सव्वापाचच्या सुमाराला सालदारीण आली. दाराशी बराच वेळ उभी राहिली. ती स्वतःहून काही सुचवणाऱ्यातली नाही.

"काकी," ती म्हणाली, "तुम्ही फोन करी देखा ना."

बायकोने मान वर केली. "मी आठेच उभी शे, न फोन करू?" इथेच असताना फोन कसला, हे तिला कळेना.

सालदारणीने फक्त डब्याकडे बघितलं.

बायकोने म्हशीकडे बघितलं, कासेकडे बघितलं. मग पदर असल्यासारखी ओढणी खोचली, अंगण ओलांडलं, तीन पायऱ्या चढून डब्यात गेली आणि आतून दार लावून घेतलं. गोठ्यापासून डबा असेल वीस पावलांवर. मी मध्ये खाटेवर बसलो होतो, चादरींच्या ढिगाशेजारी.

गोठ्यातल्या कोनाड्यात फोन वाजला. सालदाराने तो उचलून स्पीकरवर ठेवला.

"उभी ऱ्हाय व माय. उभी ऱ्हाय."

मला ते दोनदा ऐकू आलं. एकदा डब्याच्या पत्र्यातून, आणि लगेच मागोमाग गोठ्यातून. म्हशीचे कान कोनाड्याकडे वळले. पायांची चुळबुळ थांबली. सालदारीण हळूच खाली बसली, सडांना पाणी लावलं. एक-दोन मिनिटं काहीच नाही. डब्यातून बायको बोलत होती, ढेप खाल्ली का, अंगण कोणी झाडलं, धाकटीचे दात आले का. धाकटी माझ्या पायाशीच खेळत होती, तिचे चार दात मला दिसत होते. सालदारीण उत्तरं देत होती, तीही कालपरवापर्यंत द्यायची तशीच. सकाळी कोणी काय खाल्लं ते दोघींना माहीत होतं, तरी सगळं विचारून झालं.

आणि मग बादलीच्या तळावर पहिली धार वाजली. मागून दुसरी. मग ती नेहमीची लय लागली. सालदाराने माझ्याकडे बघून मान हलवली. मी उगाच खोकलो.

बादली भरत आली. तळाचा आवाज जाऊन फेसाचा आवाज यायला लागला. सालदारीण कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून, डोळे मिटून काढत होती. शंभर दिवसांची सवय. बादली भरली की जे विचारायचं ते तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

"काकी, कव्हय येशात?"

बोलून गेल्यावर तिने डोळे उघडले. डब्यातून काहीच आवाज आला नाही. फोन गप्प, डबा गप्प. म्हशीने एक पाय उचलला आणि धार आखडली. कासेत अजून दूध होतं, ते सगळं निघायला हवं होतं.

"येसू," बायको म्हणाली. "आखो आठ-दहा रोज लागतीन."

धार पुन्हा सुरू झाली. मी उठलो आणि चादरी-उशा परत डब्यात नेऊन ठेवल्या.